हवालदारांची जोडी आणि प्रेक्षकांचें हसूं

नागपूर आणि वर्धा ह्यांच्या दरम्यान, सेलू तालुक्यांत, केळझर हें गांव आहे. तेथील गणपतीचें देवस्थान विदर्भांत प्रसिद्ध आहेच. परंतु केळझरची दुसरी ख्याति त्याहूनही जुन्या कथेशीं निगडित आहे. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, अशी तेथील परंपरा सांगते. हाच मान इतर प्रांतांतील कांहीं गांवेंही सांगतात. तो वाद येथें निकालांत काढावयाचा नाहीं. लाक्षागृहांतून सुटलेले पांडव ज्या नगरींत भिक्षा मागून राहिले आणि जेथें भीमानें बकासुराला मारिलें ती ही भूमि, एवढी श्रद्धा पुरे आहे.

ह्या कथेंतला एक बारकावा सांगणाऱ्यांकडून बहुधा गळून जातो. बक हा नुसता नरभक्षक नव्हता. आदिपर्वांतील ब्राह्मण कुंतीला सांगतो त्याप्रमाणें, त्या प्रदेशाचें परचक्रापासून रक्षण तोच करीत होता. राजा दुर्बळ असल्यामुळें हें काम त्याच्याकडे गेलें होतें. आणि त्या रक्षणाचें वेतन म्हणून गाडाभर अन्न, दोन रेडे व तें सारें घेऊन जाणारा मनुष्य असा ठराव होता. म्हणजे एकचक्रेचा बंदोबस्त बकाकडे होता आणि त्याचा हप्ता घरटी लावून दिलेला होता. भीम गाडा घेऊन वनांत गेला, बकाला नांवानें हांक मारिली आणि त्याच्या देखत त्याचेंच अन्न स्वतः खाऊं लागला. बक धांवून आला. त्यानें पाठींत दोन्ही हातांनीं गुद्दे घातले. भीमानें मागें वळूनही न पाहतां जेवण चालूंच ठेविलें. युद्ध पुढें होतें, पण श्रोता हसतो तो येथें.

पुढील साऱ्या पोलीसविनोदाचें बीज ह्या प्रसंगांत आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ज्याच्या हातीं दंड त्याची भीति वाटते. भीति वाटते म्हणून त्याची थट्टा करावीशी वाटते. आणि थट्टा करावयाची ती त्याच्या खाण्यावरून. लांच घेण्याला मराठींत 'खाणें' हाच शब्द रूढ आहे. परंतु बक एकटा होता. रंगभूमीनें आणि पुढें चित्रपटानें एका रक्षकाच्या जागीं दोन उभे केले, आणि दोन झाल्याबरोबर हसण्याची जातच पालटली. पोलिसांच्या जोडीवर रचलेला विनोदी चित्रपट हा आज जगभर आवडीनें पाहिला जाणारा प्रकार आहे. त्याची मराठी शाखा कशी वाढली, आणि तिच्यांत खऱ्या शिपायाचें चित्र कितपत उमटलें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रारंभ संस्कृत नाटकांपासून करणें युक्त होईल. कालिदासाच्या शाकुंतलांतील सहाव्या अंकाच्या आरंभींच दोन शिपाई भेटतात. सूचक व जानुक अशीं त्यांचीं नांवें असून त्यांचा अधिकारी राजाचा मेहुणा आहे. राजाची अंगठी बाजारांत विकावयास निघालेला एक कोळी त्यांनीं बांधून आणिला आहे. कोळी सांगतो कीं ती माशाच्या पोटांत सांपडली. ह्यांचा विश्वास नाहीं. अधिकारी अंगठी घेऊन राजवाड्यांत जातो, तोंवर त्या गरिबाला वधस्थानीं नेण्यासाठीं ह्या दोघांचे हात शिवशिवत असतात. पण अधिकारी परत येतो तो कोळ्यासाठीं अंगठीच्या मोलाचें बक्षीस घेऊन! तत्क्षणीं सूर बदलतो. जानुक त्या द्रव्याकडे असूयेनें पाहतो. कोळी काय तें समजून त्यांतलें अर्धें त्यांच्यापुढें करितो. आणि घटकेपूर्वीं ज्याचा जीव घ्यावयाचा होता तोच आतां जिवलग मित्र ठरून सारी मंडळी मद्याच्या दुकानाकडे चालूं लागते. वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी असल्यामुळें ही मैत्री तेथें अशी उघड्यावर साजरी होणार नाहीं, हें ओघानें आलेंच.

शूद्रकाच्या मृच्छकटिकांतही सहाव्याच अंकांत अशी एक जोडी आहे. वीरक आणि चंदनक हे दोघे नगररक्षक रस्त्यावर पहारा करीत असतां चारुदत्ताची गाडी येते. आंत वसंतसेना आहे असा समज. प्रत्यक्षांत तुरुंगांतून निसटलेला आर्यक बसलेला आहे. चंदनक आंत डोकावतो, आर्यकाला ओळखतो आणि त्याला अभय देतो. परंतु वीरकाला सांगतांना त्याची जीभ अडखळते. आंत आर्य आहे असें म्हणून गेल्यावर तो घाईनें आर्या म्हणून दुरुस्ती करितो. वीरकाला संशय येतो. त्यावर चंदनकाचा बचाव असा कीं, आम्ही दक्षिणेकडचे लोक, आमचे उच्चार अस्पष्टच असावयाचे! मग दोघांचें भांडण जुंपतें तें थेट जातीवर जातें. एकमेकांच्या जन्माचा धंदा दोघेही सूचक खुणांनीं काढितात. एक न्हावी, एक चांभार. शेवटीं चंदनक वीरकाला लाथ मारितो आणि गाडी पुढें जाऊं देतो.

ह्या दोन जोड्यांतील भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. सूचक आणि जानुक ह्यांचीं नांवें अदलाबदल केलीं तरी कांहीं बिघडत नाहीं. दोघेही सारखेच उर्मट, सारखेच हपापलेले; त्यांना हसतांना प्रेक्षक त्यांच्या हुद्द्याला हसतो. वीरक-चंदनकांचें तसें नाहीं. एक कायद्याला चिकटलेला, दुसरा उपकार स्मरून कायदा बाजूला सारणारा. दोघांना जात आहे, मुलूख आहे, जुनीं देणींघेणीं आहेत. त्यांना हसतांना प्रेक्षकाला दोघांपैकीं एकाची बाजू घ्यावी लागते. आणि बाजू घेतली म्हणजे गणवेषाच्या आंतला मनुष्य दिसूं लागतो. पहिलीला समान जोडी आणि दुसरीला विषम जोडी असें म्हणूं. शिपायाच्या चित्रणाचा सारा प्रश्न ह्या दोहोंमध्यें आहे.

चलच्चित्रांच्या कलेनेंही हाच मार्ग पुन्हां आक्रमिला. अमेरिकेंत १९१२ पासून मॅक सेनेट ह्यांच्या कीस्टोन कंपनीनें पोलिसांचा एक घोळकाच पडद्यावर धांवडविला. गाडींतून पडणारे, एकमेकांवर आदळणारे ते पोलीस लोकांना फार आवडले. पण त्यांतल्या एकालाही चेहरा नव्हता. चार्ली चॅप्लिननें १९१७ च्या 'ईझी स्ट्रीट' चित्रांत एकट्या पोलिसाला चेहरा दिला. १९३३ मध्यें लॉरेल आणि हार्डी 'मिडनाइट पेट्रोल' ह्या लघुपटांत पोलीस झाले. ती समान जोडी, दोघेही सारखेच बावळट. विषम जोडी विनोदांत यावयास पुष्कळ काळ जावा लागला. जपानांत अकिरा कुरोसावांनीं १९४९ च्या 'स्ट्रे डॉग' चित्रांत पिस्तूल हरविलेला तरुण पोलीस आणि संसारी, अनुभवी वडीलधारा पोलीस असे दोघे एकत्र आणिले, पण तें चित्र गंभीर आहे. अमेरिकेंत १९८७ च्या 'लिथल वेपन' मध्यें एक गोरा व एक काळा, एक जिवावर उदार झालेला व एक लेंकुरवाळा, असे दोघे एका गाडींत बसले. १९९८ च्या 'रश अवर' मध्यें हाँगकाँगचा एक पोलीस आणि लॉस एंजल्सचा एक पोलीस ह्यांनीं एकमेकांची भाषा न समजण्यावर सारा विनोद उभा केला. वर्ण आणि देश ह्यांचा भेद हें त्या जोड्यांचें भांडवल. महाराष्ट्रांतील जोडीचें भांडवल निराळें होतें, आणि तें तमाशांतून आलेलें होतें.

तमाशाच्या वगांत राजा असतो, प्रधान असतो, आणि कोतवाल व हवालदार असावयाचेच. राजा मूर्ख चालतो, पण हवालदार मूर्ख चालत नाहीं; कारण प्रेक्षकांच्या वतीनें बोलावयाचें तें त्यानेंच. वसंत सबनीस ह्यांचें 'विच्छा माझी पुरी करा' हें लोकनाट्य १९६५ सालीं रंगभूमीवर आलें आणि त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. त्याचें मूळ नांव 'छपरी पलंगाचा वग'. त्याची कथा एका वाक्यांत सांगतां येते: जुना कोतवाल मरतो, बढतीवर हक्क हवालदाराचा, परंतु ती जागा मिळते प्रधानाच्या मेहुण्याला. कालिदासाच्या काळचा मेहुणा अजून पेन्शनींत निघाला नव्हता असें दिसतें! हवालदार मग मैनावतीच्या साह्यानें नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग चोरावयास लावून उघडा पाडितो. येथें हसण्याचा रोख स्पष्ट आहे: तो खालून वर जातो. हवालदाराची भूमिका करीत दादा कोंडके. मुंबईच्या नायगांवांत १९३२ सालीं गिरणीकामगाराच्या कुटुंबांत जन्मलेले, सेवादलाच्या कलापथकांत तयार झालेले दादा त्या हवालदाराच्या तोंडीं त्या त्या दिवसाच्या वर्तमानपत्रांतले विषय घालीत. त्यामुळें वग जुना आणि बोलणें ताजें, असा चमत्कार रोज रात्रीं घडे.

मराठी चित्रपटानें मात्र आरंभीं शिपायाकडे हसून पाहिलेंच नाहीं. प्रभात कंपनीचा 'माणूस' हा १९३९ चा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यांतला गणपत हा साधा पोलीस शिपाई, शाहू मोडक ह्यांनीं रंगविलेला. आणि शांता हुबळीकरांची मैना ही वेश्या. त्या दोघांचें प्रेम आणि त्या प्रेमाची शोकांतिका एवढेंच कथानक. नांवच 'माणूस'! चित्रपटानें शिपायाला माणूस म्हणून प्रथम पाहिलें तें असें, एकटा आणि दुःखी. त्या चित्रपटानंतर छत्तीस वर्षांनीं तो पुन्हां मध्यवर्ती भूमिकेंत आला तो हसविण्यासाठीं, आणि एकटा नव्हे.

त्या तीन वर्षांचा योग पाहण्यासारखा आहे. १९७२ च्या डिसेंबरांत पुण्यांत विजय तेंडुलकरांचें 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आलें; त्यांत पोलीस सत्ता क्रूर दिसली. १९७३ सालीं हिंदींत 'जंजीर' आला; त्यांतला इन्स्पेक्टर रागानें पेटलेला आणि भव्य. १९७५ सालीं दादा कोंडके ह्यांनीं स्वतः दिग्दर्शक होऊन 'पांडू हवालदार' काढिला. कोतवालाला क्रौर्य मिळालें, इन्स्पेक्टराला संताप मिळाला, आणि हवालदाराच्या वांट्याला हसूं आलें. पगाराप्रमाणें रसांचीही श्रेणी लावलेली असते कीं काय अशी शंका येते.

'पांडू हवालदार' मध्यें मात्र हवालदार दोन आहेत. पांडू हा दादा कोंडके ह्यांनीं केलेला, भोळा, सरळ, आपल्या नोकरीवर आणि शिटीवर विश्वास असलेला. सखाराम हा अशोक सराफ ह्यांनीं केलेला, हुशार, लांचखाऊ, कोठें कोणता खिसा जड आहे तें दुरून ओळखणारा. दोघांचा गणवेष एक, हुद्दा एक, महिन्याचा पगार एक. कोंडके ह्यांच्या विनोदावर कांहींही आक्षेप घ्यावेत, आणि ते घेण्याजोगे आहेतच, परंतु ही मांडणी करण्यांत त्यांनीं जें साधलें तें फार थोड्या गंभीर चित्रपटांना साधलें आहे. शिपाई लांच कां घेतो ह्याचें उत्तर एकटा शिपाई दाखवून देतांच येत नाहीं. एकच दाखविला आणि तो लांचखाऊ असला, तर सारेच तसे ठरतात. एकच दाखविला आणि तो प्रामाणिक असला, तर ती पाठ्यपुस्तकांतली गोष्ट होते. दोन दाखविले म्हणजे प्रेक्षकाला तुलना करणें प्राप्त होतें. पगार कमी आहे हें दोघांनाही लागू आहे. मग एकाचा हात पुढें होतो आणि दुसऱ्याचा होत नाहीं, ह्याचें कारण काय?

त्यांतही विशेष असा कीं, चित्रपट सखारामाला खलनायक करीत नाहीं. सराफ ह्यांनीं त्याला असें रंगविलें आहे कीं त्याची लबाडी पाहतांना प्रेक्षक रागावण्याऐवजीं खूश होतो. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाहणें, बोलण्याआधीं क्षणभर थांबणें, आणि पकडला गेल्यावरही चेहऱ्यावर अपराधाची रेघ न उमटूं देणें, हीं सारीं त्यांचीं आयुधें ह्या भूमिकेंत प्रथम सर्वांच्या नजरेंत भरलीं. बँकेंतील नोकरी सांभाळून काम करणाऱ्या ह्या नटाला खरी लोकप्रियता ह्याच चित्रपटानें दिली, आणि २०२३ चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार व २०२५ ची पद्मश्री येथपर्यंतची वाट तेथूनच निघाली. थोडक्यांत, प्रेक्षकाला पांडू आवडला, पण सखारामही आवडला. हा दोष नव्हे. प्रेक्षकांपैकीं कित्येकांनीं त्याच आठवड्यांत एखाद्या सखारामाच्या हातांत आठ आणे ठेवून आपली सायकल सोडविलेली असेल. स्वतःच्या सोयीच्या लबाडीला मनुष्य दांत ओठ खाऊन हसत नाहीं, मोकळेपणानें हसतो.

जातां जातां आणखी एका जोडीचा उल्लेख केला पाहिजे. ह्या चित्रपटाचें संगीत 'राम लक्ष्मण' ह्या नांवाच्या संगीतकारद्वयाचें होतें, आणि तें त्यांचें पहिलेंच चित्रपटसंगीत. त्यांपैकीं लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. जोडीदार लौकरच वारले, तरी पाटील ह्यांनीं जन्मभर दोघांचेंच नांव लाविलें. २०२१ सालीं नागपुरांतच त्यांचें निधन झालें. पडद्यावरील जोड्यांपेक्षां ही जोडी अधिक टिकली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आक्षेप कोणता तोही सांगितला पाहिजे. उषा चव्हाण ह्यांची पारू ही केळीं विकणारी स्त्री आहे. दोन हवालदारांना दोन स्वभाव मिळाले, परंतु पारूच्या वांट्याला पुष्कळदां आली ती टोपलींतल्या केळ्यांवरची द्व्यर्थी कोटी. तमाशांतली मैनावती कोतवालाला नाचवीत असे; तिच्या बुद्धीवर वग चाले. चित्रपटांत तेंच ठसकेदार बोलणें राहिलें, बुद्धीचें काम कमी झालें. हसण्याचा रोख जो वगांत खालून वर जात होता, तो येथें कांहीं ठिकाणीं खालच्याकडून आणखी खालच्याकडे वळला. कोंडके ह्यांच्या चित्रपटांवर अभ्यासी लोकांनीं अश्लीलतेचा आरोप केला आणि सामान्य प्रेक्षकांनीं सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव केले. दोघांचें भांडण अजून मिटलेलें नाहीं, व तें मिटण्याची घाईही नाहीं. पण पारूचा तोटा झाला हें दोघांनाही मान्य व्हावें.

चित्रपट संपला आणि नांव उरलें. पांडू हें पांडुरंग ह्या नांवाचें घरगुती रूप. ज्या देवाला वारकरी आळवितो त्याचेंच. चित्रपटानें तें हवालदाराला इतकें घट्ट चिकटविलें कीं मुंबईंत पोलीस शिपाई म्हणजे 'पांडू' असें समीकरणच झालें. पूर्वीं आणि अजूनही लहान गांवांत लोक त्याला जमादार म्हणत, हवालदारमामा म्हणत. वास्तविक हवालदार हा शिपायाहून वरचा हुद्दा. पण लोक प्रत्येक शिपायाला हवालदारच म्हणतात. ही लोकांनीं जिभेनें दिलेली बढती. तिच्यांत थोडी भीति, थोडें आर्जव असतें, पण नातेंही असतें. 'पांडू' मध्यें नातें नाहीं. मोठ्या मोटारींतून जाणारा तरुण सिग्नल तोडून पुढें निघतां निघतां तो शब्द फेंकतो तेव्हां त्यांत चित्रपटांतल्या पांडूचें भोळेपणही नसतें आणि प्रामाणिकपणाही नसतो. विचित्र हें कीं, दोघांपैकीं प्रामाणिक जो होता त्याचेंच नांव शिवी झालें! सखाराम सुटला. विषम जोडी चित्रगृहाच्या दारांतून बाहेर पडली ती रस्त्यावर येतां येतां समान झाली. दोनाचा पुन्हां एक झाला, आणि त्या एकाला चेहरा उरला नाहीं.

हें केवळ शब्दाचें दुःख नाहीं. चित्रपटानंतर सातच वर्षांनीं, १८ ऑगस्ट १९८२ रोजीं, मुंबईंतील पोलीस शिपाई स्वतःच रस्त्यावर उतरले. त्यांच्या संघटनेवर कारवाई झाली होती. कामाच्या वेळेला अंत नाहीं, राहण्याला जागा पुरेशी नाहीं, वरिष्ठांच्या घरचीं कामें करावीं लागतात, अशीं त्यांचीं गाऱ्हाणीं होतीं. शहरांत दंगल झाली, लष्कर बोलवावें लागलें, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षीं जानेवारीपासून गिरणीकामगारांचा संप चालूं होता. एकाच मुलुखांतून मुंबईस आलेले, एकाच प्रकारच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारे हे दोन वर्ग; एकानें हरताळ पाडावयाचा आणि दुसऱ्यानें त्याच्यावर लाठी उगारावयाची, हा नित्याचा क्रम. त्या एका दिवशीं तो मोडला. त्या दिवसावर विनोदी चित्रपट निघाला नाहीं. शिपायांना आठ तासांचें काम असावें ह्या मागणीचा पहिला प्रयोग मुंबईंत देवनार पोलीस ठाण्यांत झाला तो २०१६ सालीं.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. गिरगांव चौपाटीच्या नाकेबंदींत सहायक फौजदार तुकाराम ओंबळे ह्यांच्या हातांत काठी होती. मोटारींतून उतरलेल्या अजमल कसाबच्या रायफलीची नळी त्यांनीं दोन्ही हातांनीं धरिली. गोळ्या त्यांच्या देहांत गेल्या, आणि सहकाऱ्यांना त्याला जिवंत पकडतां आलें. ओंबळे हे सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. त्यांचा जन्म एखाद्या चित्रपटकथेंत झाला असता तर त्यांच्या वयाच्या, त्यांच्या हुद्द्याच्या पोलिसाला कोणतें काम मिळालें असतें, ह्याचा अंदाज करणें कठीण नाहीं. टेबलावर चहा आणून ठेवावयाचा, सलाम ठोकतांना टोपी पाडावयाची, आणि नायक गुन्हेगाराला लोळवून उठला म्हणजे सर्वांच्या शेवटीं पोंचावयाचें.

हिंदी चित्रपटांत ह्याला आणखी एक पदर आहे. तेथला इन्स्पेक्टर स्वच्छ हिंदुस्थानी बोलतो आणि हवालदार मराठी वळणाची हिंदी बोलतो. ती ऐकूं आली कीं प्रेक्षागृहांत हसूं पिकावें अशी योजना असते. शाकुंतलांत राजा संस्कृत आणि शिपाई मागधी बोलत, तोच हा न्याय. चंदनकानें आपल्या दाक्षिणात्य उच्चारांची ढाल करून एका माणसाचा जीव वांचविला. हिंदी चित्रपटांतल्या मराठी हवालदाराला आपल्या उच्चारांचा असा उपयोग करण्याची संधि क्वचितच मिळाली.

मराठींत त्यानंतरची मोठी जोडी १९८७ च्या 'दे दणादण' मधली. महेश कोठारे अधिकारी आणि लक्ष्मीकांत बेर्डे हवालदार. येथें दोघांतला भेद नीतीचा नसून हुद्द्याचा आहे, आणि त्यामुळें दादांच्या चित्रपटांतला प्रश्न येथें उद्भवत नाहीं. तथापि एक गोष्ट लेखकांना सुचली ती मार्मिक आहे: मारुतीच्या कृपेनें अचाट शक्ति मिळते ती अधिकाऱ्याला नव्हे, हवालदाराला. मुलांनीं तें चित्र डोक्यावर घेतलें. एरवीं ज्याला टेबलाशीं उभें राहावें लागतें त्याला उडतांना पाहून होणाऱ्या आनंदांत थोडी सूड उगविल्याची गोडी असावी.

२०२१ च्या डिसेंबरांत विजू माने ह्यांनीं 'पांडू' ह्या नांवाचाच चित्रपट आणिला. भाऊ कदम आणि कुशल बद्रिके हे त्यांतले दोन पोलीस. दादा कोंडके ह्यांची आठवण जागविणें हा उघड हेतु. दूरचित्रवाणीवरील विनोदी प्रहसनांत ह्या दोघांची जोडी आधींच जमलेली होती, त्यामुळें एकमेकांच्या वाक्यांत शिरण्याची सफाई दोघांनाही होती. केळेवाली ह्याही चित्रपटांत आहे. ती भूमिका सोनाली कुलकर्णी ह्यांनीं केली. सेहेचाळीस वर्षांत हवालदाराचा गणवेष बदलला, चौकींत संगणक आला, लांचेचे भाव वाढले. टोपलींतलीं केळीं तेवढीं तींच राहिलीं.

ह्या मधल्या काळांत महाराष्ट्राच्या पोलीस भरतींत स्त्रियांसाठीं ३० टक्के जागा राखून ठेवण्यांत आल्या. आज जत्रेच्या बंदोबस्ताला, नाक्यावर, ठाण्यांत रात्रपाळीला दोन स्त्री-शिपाई एकत्र उभ्या आहेत हें दृश्य वर्ध्यासारख्या जिल्ह्यांतही नवें राहिलेलें नाहीं. अमेरिकेंत २०१३ च्या 'द हीट' ह्या चित्रपटानें दोन स्त्री-पोलिसांची विषम जोडी केली. एक नियमांवर बोट ठेवणारी, दुसरी तोंडानें फटकळ. मराठी लेखकाला असल्या जोडीसाठीं परदेशीं जावयास नको. एक सकाळीं डबा करून, मूल शेजारणीकडे ठेवून आलेली, दुसरी भरतीच्या धांवण्यांत मुलांना मागें टाकून आलेली. एक पावती फाडणारी, दुसरी पावती न फाडतां सोडणारी, कदाचित् खिशाकडे पाहून, कदाचित् दयेनें. त्या दोघींच्या नाक्यावर पारूची गाडी उभी राहील तेव्हां केळ्यांवरून कोटी करावयाची पाळी कोणाची, हें त्या लेखकालाच ठरवावें लागेल.